चर्चच्या एका नकारातून घडलेल्या शाळा

नेदरलँड्समध्ये दर तीन मुलांपैकी साधारण दोघं खासगी संस्थेच्या शाळेत जातात आणि त्या शाळांचा खर्च सरकार उचलतं. स्वीडनमध्ये १९९० च्या सुमारास खासगी शाळेत जाणारी मुलं शंभरात एकही भरत नव्हती. इटलीच्या राजधानीच्या पोटातच कॅथलिक चर्चचं मुख्यालय, व्हॅटिकन, आहे, पण तिथेही बहुतेक सगळी मुलं सरकारी शाळेत शिकतात.

आता या तीन देशांतली कॅथलिक लोकसंख्या पाहा. १९०० च्या सुमारास स्वीडनमध्ये कॅथलिक जवळजवळ नव्हतेच, इटलीत जवळजवळ सगळेच होते आणि नेदरलँड्समध्ये तिघांत एक होता. खासगी शाळा फोफावल्या त्या या मधल्या देशात. कॅथलिक भरपूर, पण सत्तेची दोरी त्यांच्या हाती नाही, अशी तिथली स्थिती होती.

हा योगायोग नव्हे. आजची शाळा दोन बाजूंनी पाहता येते. वर्गात काय चालतं ही एक बाजू, शाळा कुणाची आणि पैसे कुणाचे ही दुसरी. कॅथलिक चर्चचा ठसा दोन्हींवर आहे. पहिल्या बाजूला चर्चने जे उभारलं ते दिसतं, दुसऱ्या बाजूला चर्चने जे नाकारलं ते. आमच्या मते दुसरा ठसा जास्त खोल आहे, पण त्याबद्दल बोललं जातं कमी.

आधी वर्गात डोकावू

मुलांना इयत्तांत बसवायचं, वर्षाअखेरीस परीक्षा घ्यायची, पास झाला तर वरच्या वर्गात घालायचं, ही व्यवस्था आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. मध्ययुगातल्या युरोपात ती नव्हती. एकाच खोलीत आठ वर्षांचा पोर आणि अठरा वर्षांचा तरुण लॅटिनचं एकच पुस्तक घोकताना सापडत. पंधराव्या-सोळाव्या शतकात नेदरलँड्समधल्या काही शाळांत आणि पॅरिसच्या कॉलेजांत वर्गवार विभागणी रुजू लागली. ती उचलून सगळ्या खंडभर नेली येशूसंघाने, म्हणजे जेझुइटांनी.

संघ स्थापन झाला १५४० मध्ये. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीची त्यांची पहिली मोठी शाळा १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात निघाली. फी नव्हती. मग खर्च कसा भागायचा? शाळा मागणारं शहर, राजा किंवा सरदार आधी कायमचं उत्पन्न लावून देई, बहुधा जमिनीचं, आणि त्यावर शाळा चाले. उत्पन्न पुरेसं नसलं की शाळा रडतखडत चाले. हे उत्पन्न पुढे एका वेगळ्याच कामी आलं.

पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर १५९९ मध्ये संघाने सगळ्या शाळांसाठी एकच नियमावली छापली. खाली व्याकरणाचे तीन वर्ग, त्यावर साहित्याचा, त्यावर वक्तृत्वाचा. वय काहीही असो, मागच्या वर्गाचं नीट आलं तरच वरचा वर्ग. शिक्षकाने परीक्षेच्या तोंडावर वर्गाची यादी करायची आणि प्रत्येक नावापुढे शेरा मांडायचा: उत्तम, चांगला, मध्यम, शंकास्पद, त्याच वर्गात ठेवावा, काढून टाकावा. शब्दांऐवजी १ ते ६ आकडे लिहिले तरी चालतील, असंही नियमावली सांगते. प्रगतिपुस्तकाचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

खरी गंमत लेखी परीक्षेच्या नियमांत आहे. वेळेवर या. लागणारी पुस्तकं आणि लिहिण्याचं साहित्य स्वतःचं आणा, म्हणजे कुणाकडे मागायला नको. शांततेची सूचना झाली की कुणाशीही बोलायचं नाही. शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं सारखी निघाली, तर दोघांवरही संशय, कारण कुणी कुणाचं पाहिलं हे कळणार कसं? बाहेर जाणं भागच असेल, तर प्रश्न आणि लिहिलेलं सगळं पर्यवेक्षकाकडे ठेवून जा. एकदा दिलेला कागद परत मिळणार नाही. वेळ संपली की जेवढं झालं असेल तेवढं द्या. कुणी उठून गेलं म्हणून मागे राहिलेल्यांनी जागा बदलायची नाही. सव्वाचारशे वर्षं उलटली, तरी परीक्षागृहाच्या दाराबाहेर हा कागद डकवला तर कुणाला शंका यायची नाही.

जेझुइटांच्या शाळा प्रामुख्याने लॅटिन शिकणाऱ्या मुलांच्या होत्या. गरिबांच्या प्राथमिक शाळेचा प्रश्न वेगळाच होता आणि तो निव्वळ हिशेबाचा होता. जुन्या रीतीत शिक्षक एकेका मुलाला जवळ बोलावून त्याचा पाठ ऐके. साठ मुलं आणि तीन तास धरले, तर एकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. उरलेले दोन तास सत्तावन्न मिनिटं तो काय करणार? दंगा.

फ्रान्समधल्या रॅंस शहरात १६८० च्या आसपास जाँ-बातिस्त द ला साल या धर्मगुरूने हा हिशेब मोडला. पातळीनुसार मुलांचे गट पाडायचे. गटातल्या प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मनात वाचत ओळीवर नजर ठेवायची. शिक्षक कुठेही थांबवून दुसऱ्याला पुढचं वाचायला सांगणार, त्यामुळे लक्ष हलवायची सोय नाही. यासाठी तीन गोष्टी लागतात: सर्वांकडे सारखं पुस्तक, प्रशिक्षित शिक्षक आणि शांतता. पहिली गोष्ट छपाईने स्वस्त केली. दुसरीसाठी ला सालने शिक्षक तयार करणाऱ्या संस्था काढल्या आणि धर्मगुरू नसलेल्या, केवळ शिकवण्याला वाहून घेतलेल्या ‘ब्रदर’ मंडळींचा संघ बांधला. तिसरीसाठी शिक्षकाच्या हातात टकटक वाजणारं लाकडी साधन आलं. सूचना तोंडाने नव्हे, त्या आवाजाने द्यायच्या.

त्याचा आणखी एक निर्णय त्या काळी धाडसाचा होता. वाचन लॅटिनऐवजी फ्रेंचमधून सुरू करायचं. कारण साधं आणि व्यवहारी होतं. गरिबाचं पोर लवकर कामाला लागतं. लॅटिन अर्धवट सोडून गेलं तर हातात काहीच राहत नाही, मातृभाषा वाचता आली तर निदान तेवढं तरी उरतं. या पद्धतीचा दोषही तिच्या पोटातच होता. शांततेचं साधन बघता बघता साध्य होऊन बसतं. गप्प बसलेला वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत तिथूनच बळावली.

पोपचा हुकूम आणि सरकारी शाळा

१७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी कॅथलिक राजघराण्यांच्या दबावाखाली येशूसंघ बरखास्त केला. युरोपभरच्या शेकडो शाळा एका फटक्यात निर्नायकी झाल्या. (प्रशियाचा प्रॉटेस्टंट राजा फ्रेडरिक आणि रशियाची ऑर्थोडॉक्स सम्राज्ञी कॅथरिन यांनी मात्र पोपचा हुकूम आपल्या मुलखात जारीच केला नाही. कारण शिक्षक दुसरे आणणार कुठून?)

ऑस्ट्रियात मारिया थेरेसा सम्राज्ञीने येशूसंघाची जप्त मालमत्ता शिक्षणाकडे वळवली आणि ६ डिसेंबर १७७४ रोजी सहा ते बारा वर्षांच्या मुला-मुलींसाठी शाळेचा कायदा केला. तो लिहायला तिने बोलावलं ते कॅथलिक मठाधिपती योहान इग्नाझ फेल्बिगर यांना. गावात साधी शाळा, मोठ्या ठिकाणी मुख्य शाळा आणि प्रांतात एक आदर्श शाळा अशी तीन पायऱ्यांची रचना होती. शिक्षकाने आदर्श शाळेत शिकून प्रमाणपत्र घ्यायचं. सगळ्या वर्गाला एकदम शिकवायचं. फेल्बिगर यांची आवडती युक्ती अशी की मजकुराची मांडणी फळ्यावर तक्त्यासारखी लिहायची, पण शब्दांची फक्त आद्याक्षरं. मुलांनी ती बघून सगळा मजकूर म्हणायचा. घोकंपट्टीला याहून सोयीचं वाहन मिळालं नसतं, आणि टीकाही त्यावरच झाली.

थोडक्यात, सरकारी शाळेचा पाया घातला जात असताना आराखडा, माणसं आणि काही ठिकाणी पैसाही चर्चच्या घरातून आला. मग शंभर वर्षांत तेच चर्च सरकारी शाळेच्या विरोधात का उभं राहिलं?

नकार नेमका कशाला होता

एकोणिसाव्या शतकात शाळेची मालकी राष्ट्रांकडे गेली आणि ‘सर्व धर्मांच्या मुलांसाठी एकच तटस्थ शाळा’ हा विचार पुढे आला. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये चुकीच्या मतांची जी यादी काढली, तिच्यात शाळा चर्चच्या अधिकारातून पूर्ण मुक्त असावी हे मतही होतं. १९१७ च्या चर्चच्या कायद्याने तर १३७४ व्या कलमात सरळ बंदी घातली: कॅथलिक मुलांनी कॅथलिकेतर, तटस्थ किंवा मिश्र शाळेत जाऊ नये, कोणत्या परिस्थितीत चालवून घ्यायचं ते फक्त बिशप ठरवील.

हे नुसतं हटवादीपणाचं होतं असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. तटस्थ म्हणवणारी शाळा बऱ्याचदा तटस्थ नसे. न्यूयॉर्कमध्ये १८४० च्या सुमारास सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत रोज बायबल वाचलं जाई, पण ते प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स भाषांतर. पाठ्यपुस्तकांत कॅथलिकांविषयी तिरकस मजकूर असे. आयरिश स्थलांतरितांचे बिशप जॉन ह्यूज यांनी आमच्या शाळांनाही वाटा द्या अशी मागणी केली. १८४२ च्या कायद्याने शाळा निवडलेल्या मंडळाकडे सोपवल्या, पण धार्मिक शिकवण देणाऱ्या शाळेला पैसे नाहीत, असंही ठरवून टाकलं. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात बायबलवरूनच दंगे झाले, चर्चं जळाली.

इथून एक साखळी सुरू होते. चर्चने सरकारी शाळा नाकारली, तर मुलांना पाठवायचं कुठे? स्वतःच्या शाळेत. त्या शाळेला पैसे कोण देणार? कॅथलिक पालक, पण ते सरकारी शाळेसाठी कर आधीच भरत असतात. एकाच मुलासाठी दोनदा पैसे मोजावे लागत असल्याची ही तक्रार मतपेटीतून पुढे येते. मग देशागणिक तिचा निकाल वेगळा लागतो. इटलीत ही साखळी सुरूच होत नाही, कारण कॅथलिक धर्म हाच तिथे राज्याचा धर्म होता. १९२३ पासून प्राथमिक शाळेत कॅथलिक धर्मशिक्षण सक्तीचं झालं आणि १९२९ च्या करारानंतर ते माध्यमिक शाळेतही आलं. सरकारी शाळाच आपली असेल तर वेगळी चूल मांडायची कशाला? १९४८ च्या इटालियन राज्यघटनेत खासगी शाळा काढायला मुभा आहे, पण ‘राज्यावर भार न पडता’.

निकाल कसे लागले

सर्वात पूर्ण निकाल नेदरलँड्सचा. १८६८ मध्ये तिथल्या बिशपांनी कॅथलिक मुलांसाठी कॅथलिक शाळा हवी असं जाहीर केलं. १८७८ मध्ये उदारमतवादी सरकारने शाळांच्या इमारती आणि शिक्षक यांचे निकष उंचावले. सरकारी शाळांना त्यासाठी पैसे, खासगींना नाहीत, पण निकष सर्वांना सारखेच. कागदावर ही गुणवत्ता होती, खासगी शाळांसाठी तो गळफास होता. राजाकडे लाखो सह्यांचे अर्ज गेले. आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे कडवे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या एका प्रश्नावर एकत्र आले. १८८९ मध्ये पहिलं अनुदान मिळालं. १९१७ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि १९२० च्या कायद्याने तत्त्व पक्कं केलं: नगरपालिका आपल्या शाळेत एका मुलामागे जेवढे खर्च करील, तेवढेच खासगी शाळेला द्यायचे. बदल्यात अभ्यासाचे निकष, तपासणी आणि शिक्षकांची पात्रता सरकार ठरवणार. पुरेशी मुलं जमवून दाखवली की नवी शाळा काढता येते. आज पालकांकडून वर्गणी घेता येते, पण ती ऐच्छिकच. न देणाऱ्याच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळेतून धर्म बाहेर काढला, पण रविवारखेरीज आठवड्यात एक दिवस सुट्टी ठेवली, म्हणजे हव्या त्या पालकांना शाळेच्या इमारतीबाहेर धर्मशिक्षण देता यावं. हा दिवस गुरुवार. १९७२ मध्ये तो बुधवार झाला. धर्माला दाराबाहेर ठेवणाऱ्या शाळेचं वेळापत्रकच चर्चसाठी जागा सोडून आखलं गेलं, हा विनोद फ्रेंचांनी गंभीरपणे जपला आहे. पैशाचा प्रश्न ३१ डिसेंबर १९५९ च्या कायद्याने मिटवला, तो करार पद्धतीने. खासगी शाळेने सरकारशी करार केला की शिक्षकांचा पगार सरकार देतं. अधिक घट्ट करार केला तर चालू खर्चही मिळतो. अटी दोन महत्त्वाच्या: अभ्यासक्रम सरकारी आणि प्रवेश सर्व धर्मांच्या मुलांना. शाळेला आपलं ‘वेगळं वैशिष्ट्य’ जपता येतं. १९८४ मध्ये सरकारने या शाळा सरकारी व्यवस्थेत ओढायचं विधेयक आणलं, तेव्हा २४ जूनला पॅरिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि विधेयक मागे घ्यावं लागलं.

इंग्लंडमध्ये घासाघीस टक्क्यांवर झाली. १९४४ च्या कायद्याने चर्चच्या अनुदानित शाळांचा चालू खर्च सरकारने उचलला आणि इमारतीच्या खर्चाचा निम्मा वाटा चर्चवर ठेवला. पुढे तो पायरीपायरीने उतरत १० टक्क्यांवर आला.

ऑस्ट्रेलियात प्रश्न अडला होता शौचालयांवर. १९६२ मध्ये गोलबर्न गावातल्या कॅथलिक प्राथमिक शाळेला तीन जास्तीची शौचालयं बांधा, असा सरकारी आदेश आला. पैसे कुठून आणायचे? गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळांनी दारं बंद केली आणि सुमारे दोन हजार मुलांना सांगितलं, सरकारी शाळेत नाव घाला. तिथे जागा निघाल्या जेमतेम ६४०. आठवड्याभरात मुलं परत गेली, पण या शाळा बंद पडल्या तर सरकारला किती खर्च येईल हे गणित सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्याच वर्षी निवडणुकीत खासगी शाळांनाही विज्ञान प्रयोगशाळांसाठी मदतीचं आश्वासन दिलं गेलं.

अमेरिकेत मात्र असं सरसकट अनुदान मिळालंच नाही. १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत बिशपांनी प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा काढायचा ठराव केला. १९२२ मध्ये ओरेगन राज्याने मुलांनी सरकारी शाळेतच जावं असा कायदा केला, त्याविरुद्ध ननच्या एका संस्थेने दावा लावला आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल ही नुसती राज्याची निर्मिती नव्हे, असं सांगून तो कायदा रद्द केला. खासगी शाळेत घालण्याचा पालकांचा हक्क तिथे या निकालावर उभा आहे. शाळा चालल्या त्या मात्र दुसऱ्याच आधारावर: वर्गात उभ्या असलेल्या नन. त्यांना निर्वाहापुरता भत्ता मिळे, पगार नव्हे. १९६० च्या दशकाच्या मध्यात या शाळांत सुमारे ५२ लाख मुलं होती. त्यानंतर नन होणाऱ्या मुलींची संख्या घटली, त्यांच्या जागी पूर्ण पगाराचे शिक्षक आले, फी वाढली, कॅथलिक कुटुंबं शहरांतून उपनगरांत गेली. आज तिथे सुमारे १७ लाख मुलं उरली आहेत. अनुदान नसलेली शाळा स्वस्त श्रमावर उभी असली की असं होतं. श्रम महागले की तिला दुसरा पाय नसतो.

अर्थशास्त्रज्ञांना यात काय सापडलं

खासगी शाळांमुळे देशाचं शिक्षण सुधारतं का, हे मोजणं अवघड आहे. सरकारी शाळा वाईट म्हणून लोक खासगीकडे वळले असतील, तर जास्त खासगी शाळांचा देश मागासलेला दिसेल. श्रीमंत पालकांमुळे खासगी शाळा वाढल्या असतील, तर तोच देश पुढारलेला दिसेल. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळत नाही. अशा वेळी बाहेरून लागलेला एखादा धक्का शोधायचा असतो: ज्यामुळे खासगी शाळा वाढल्या, पण ज्याचा आजच्या मुलांच्या गुणांशी थेट संबंध नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा धक्का म्हणून चर्चचा जुना नकारच वापरला. २९ विकसित देश घेतले, १९०० मधला कॅथलिकांचा वाटा घेतला (कॅथलिक राज्यधर्म असलेले देश वेगळे धरून) आणि २००३ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले पंधरा वर्षांच्या मुलांचे गुण. शंभर वर्षांपूर्वी कॅथलिक जास्त, पण राज्यधर्म नाही, अशा देशांत आज खासगी संचालनाच्या शाळा जास्त आढळल्या. आणि त्या वाढीव वाट्यामुळे गणिताचे गुण वाढतात, खर्च मात्र कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. हा वाढलेला वाटा बव्हंशी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांचा आहे, श्रीमंतांच्या महागड्या शाळांचा नव्हे, हे विसरलं तर निष्कर्ष भलतीकडे नेला जातो. कॅथलिक लोकसंख्येने दुसऱ्या कुठल्या वाटेने गुणांवर परिणाम केलेला नाही, हे गृहीतक मात्र सिद्ध करता येत नाही, फक्त पटवून देता येतं. त्या काळी बऱ्याच देशांत कॅथलिक समाज साक्षरतेत मागे होता, त्यामुळे असा परिणाम असलाच तर तो उलट दिशेचा असता, असं अभ्यासकांचं म्हणणं.

जिथे अजून टोचतं

चर्चने स्वतःचा नियम केव्हाच सैल केला आहे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने शाळा निवडण्याच्या पालकांच्या स्वातंत्र्यावर भर दिला आणि १९८३ च्या नव्या चर्च-कायद्यात ती जुनी बंदी राहिली नाही. पण त्या बंदीमुळे झालेले करार, कायदे आणि इमारती तिथेच आहेत.

आयर्लंडमध्ये १८३१ मध्ये सर्व पंथांच्या मुलांसाठी एकत्र शाळा काढायचा बेत होता. प्रत्यक्षात त्या पंथागणिक वाटल्या गेल्या. आजही दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळांचा आश्रयदाता, म्हणजे शाळेची सूत्रं हाती असलेली संस्था, कॅथलिक चर्च आहे, खर्च सरकारचा. जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश मिळे, म्हणून श्रद्धा नसलेले पालकही पाळण्यातल्या मुलाला चर्चमध्ये नेत. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना ही अट लावायला बंदी केली. आश्रयदाता मात्र तोच राहिला.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १८६७ च्या घटनेतल्या ९३ व्या कलमाने कॅथलिक शाळांचा तेव्हाचा हक्क राखून ठेवला. त्यामुळे तिथे कॅथलिक शाळा-मंडळांना पूर्ण सरकारी पैसा मिळतो, ज्यू, मुस्लिम किंवा इतर धर्मांच्या शाळांना मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये हा भेदभाव असल्याचं सांगितलं. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये घटनादुरुस्ती करून या कलमातून आपली सुटका करून घेतली. ऑन्टारिओत मात्र कॅथलिक मंडळांचं अनुदान आजही सुरू आहे.